मोस्तार: पुलापर्यंतची सहल आणि पुलापलीकडचे शहर

क्रोएशियातील डुब्रोव्हनिकमध्ये तीन-चार रात्रींचा मुक्काम ठरला की एक मोकळा दिवस आसपास कुठे घालवायचा हा प्रश्न येतोच, आणि तिथल्या बहुतेक हॉटेलांत त्याची दोन उत्तरे रंगीत पत्रकांच्या रूपाने तयार असतात: माँटेनेग्रोमधील कोटर किंवा बॉस्निया-हर्झेगोव्हिनामधील मोस्तार. आमच्या चौघांत, म्हणजे मी, सौ., मेहुणी आणि साडू यांच्यात, यावरून चांगलीच चर्चा झाली. कोटरला समुद्र आहे, डोंगर आहेत, तटबंदी आहे. मोस्तारला मुख्यतः एक पूल आहे. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेल्यामुळे दगडी बांधकामाचा मोह मला आवरत नाही, म्हणून मी मोस्तारचा हट्ट धरला आणि बाकीच्यांनी तो पुरवला. नाशिकला परत आल्यापासून अनेकांनी विचारले की, एवढ्या लांब जाऊन एका दिवसाच्या सहलीत पदरात काय पडते. माझे मत आधीच सांगून टाकतो. पूल पाहायला तासभर पुरतो. तो पाहण्याचे खरे कारण मात्र पुलापासून आठ-दहा मिनिटांच्या चालीवर आहे, आणि सहलीच्या छापील कार्यक्रमात त्या रस्त्याचा उल्लेखही नसतो.

ज्यांना जायचे असेल त्यांनी व्हिसाकडे आधी लक्ष द्यावे, कारण सगळी सहल त्यावर अवलंबून आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला आणि त्याच दिवशी तिथे युरो हे चलन लागू झाले. बॉस्निया-हर्झेगोव्हिना शेंगेनमध्ये नाही. म्हणजे सकाळी डुब्रोव्हनिकहून निघून मोस्तारला जाणारा प्रवासी शेंगेनमधून बाहेर पडतो आणि संध्याकाळी पुन्हा नव्याने आत येतो. पासपोर्टवर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर संध्याकाळी सीमेवर अडकून पडण्याची वेळ येईल. व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. असा वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना बॉस्नियात अल्प मुक्कामासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. तरीही असे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्यांच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घेतलेली बरी.

सकाळी निघालेली आमची लहान बस किनाऱ्याकिनाऱ्याने वायव्येकडे गेली आणि पेल्येशाट्सच्या पुलावर चढली. या पुलाची कहाणी मोस्तारइतकीच ऐकण्यासारखी आहे. क्रोएशियाच्या किनाऱ्याला मध्येच एक खिंडार आहे: नेउम नावाच्या गावाभोवतीची सुमारे वीस किलोमीटरची पट्टी बॉस्नियाची आहे आणि त्या देशाला समुद्राशी जोडणारी तेवढीच जागा आहे. हे खिंडार पाडले डुब्रोव्हनिकच्याच जुन्या प्रजासत्ताकाने. शेजारच्या बलाढ्य व्हेनिसची सरहद्द आपल्या सरहद्दीला भिडू नये, म्हणून त्या धोरणी व्यापाऱ्यांनी १६९९च्या कार्लोविट्झच्या तहाच्या वेळी आपल्या भूमीचा एक तुकडा तुर्कांच्या पदरात टाकला आणि मध्ये भिंत उभी केली. राज्ये गेली, व्हेनिस गेले, तुर्क गेले, पण ती सरहद्द राहिली. आणि युगोस्लाव्हिया फुटल्यावर क्रोएशियाच्या माणसाला आपल्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना दोनदा पासपोर्ट दाखवावा लागू लागला. त्यावर उपाय म्हणून युरोपीय संघाच्या पैशातून एका चिनी कंपनीने २,४०४ मीटर लांबीचा हा तारांनी तोललेला पूल बांधला आणि २६ जुलै २०२२ रोजी तो खुला झाला. शेजारच्या देशाला वळसा घालण्यासाठी बांधलेल्या पुलावरून आम्ही दोन काठ जोडण्यासाठी बांधलेला पूल पाहायला चाललो होतो, ही गंमत माझ्या मनात दिवसभर घोळत राहिली.

पूल ओलांडून पुढे गेले की नेरेत्वा नदीचा त्रिभुज प्रदेश लागतो. दोन्ही बाजूंना कालवे आणि त्यांच्या काठाने संत्र्यांच्या जातीतल्या मँडरिनच्या बागा आहेत. पाण्याचे वाटप कसे होत असेल, याचा अंदाज बांधत मी खिडकीला चिकटून बसलो होतो, तेवढ्यात मेत्कोविचची सीमा आली. वाहकाने सर्वांचे पासपोर्ट गोळा केले, शिक्के बसले आणि आम्ही बॉस्नियात दाखल झालो. पुढचा प्रदेश एकदम बदलतो. चुनखडीचे उघडेबोडके डोंगर, त्यांवर खुरटी झुडपे आणि जिथे थोडी माती साचली असेल तिथे द्राक्षे. दिंडोरी-निफाडच्या वाटेने आयुष्य गेलेल्या माणसाची नजर द्राक्षाच्या वेलीवर जाणारच. झिलाव्का ही पांढरी आणि ब्लातिना ही काळी, अशा इथल्या वाइनच्या दोन स्थानिक जाती आहेत. आपल्याकडच्या मांडवावर पसरलेल्या हिरव्यागार छतासारखे काही तिथे दिसत नाही. गोट्यांनी भरलेल्या जमिनीत वेली कमरेएवढ्या उंचीवर रांगेत उभ्या असतात आणि मधून दगडच दगड दिसतात.

वाटेत पोचिटेल नावाच्या किल्लेवजा गावात अर्धा-पाऊण तास थांबा होता. डोंगरउतारावर दगडी घरे, १५६३ची मशीद, वर बुरूज आणि पायथ्याशी सुके अंजीर व डाळिंबाचा रस विकणाऱ्या बायका. मेहुणीच्या गुडघ्यांनी वर चढायला नकार दिला, त्यामुळे ती आणि सौ. रस पीत खालीच बसल्या. मी वर जाऊन आलो. दृश्य सुंदर आहे. पण उन्हात घाईघाईने चढण्यापेक्षा त्यांनी केले तेच शहाणपणाचे होते, असे खाली उतरल्यावर वाटले.

मोस्तारमध्ये बसबरोबर आलेल्या वाटाड्याने आम्हाला एका स्थानिक मार्गदर्शक बाईंच्या स्वाधीन केले. बाईंचे वय पन्नाशीच्या अलीकडचे असावे. जन्म मोस्तारचा, शिक्षण मोस्तारचे, आणि १९९२-९५च्या युद्धाच्या वर्षांत त्या शाळकरी मुलगी होत्या, एवढे त्यांनी सुरुवातीलाच एका वाक्यात सांगितले आणि नंतर स्वतःविषयी फारसे काही बोलल्या नाहीत. अनेक मार्गदर्शक ऐकणाऱ्याला हसवायचे किंवा रडवायचे असा चंगच बांधून आलेले असतात. या बाईंचा आवाज मात्र सरकारी अहवाल वाचावा तसा सपाट होता आणि त्यामुळेच त्यांचे शब्द अधिक पोचत होते.

आता पुलाविषयी. नेरेत्वावर इथे पूर्वी साखळ्यांवर लोंबकळणारा लाकडी पूल होता, तो ओलांडताना लोकांचा जीव मुठीत असे. सुलतान सुलेमानच्या आज्ञेने १५५७मध्ये दगडी पुलाचे काम सुरू झाले आणि १५६६मध्ये ते पूर्ण झाले. तो बांधणारा मिमार हैरुद्दीन हा तुर्की साम्राज्याचा थोर वास्तुकार सिनान याचा शिष्य मानला जातो. नदीत एकही खांब न उभारता सुमारे २९ मीटरचे अंतर त्याने एकाच कमानीने पार केले. पुलाची रुंदी अवघी चार मीटर आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरलेले असताना माथ्यापासून नदीपर्यंतची उंची वीस मीटरहून अधिक भरते. पूल पडला तर डोके जाईल अशी धमकी सुलतानाने दिली होती, आणि सेंटरिंग, म्हणजे कमानीखालचा तात्पुरता लाकडी आधार, काढण्याच्या दिवशी हैरुद्दीनने म्हणे स्वतःची कबर खणून ठेवली होती, अशी दंतकथा बाईंनी सांगितली. दंतकथाच ती, पण मोठ्या कमानीखालचे सेंटरिंग उतरवताना जो माणूस तिथे उभा राहिला आहे, त्याला तिच्यातले भय अतिशयोक्तीचे वाटणार नाही. कमानीचा प्रत्येक पाचरी दगड शेजाऱ्यावर भार टाकून उभा असतो आणि शेवटचा कळीचा दगड बसेपर्यंत सगळे ओझे लाकडाच्या आधारावर असते. आधार निघाला की कमान किंचित खाली बसते, आणि ती किती बसणार हे त्या काळी अनुभवानेच ठरवायचे.

दगड तिथलाच, तेनेलिया नावाचा, फिकट पिवळसर चुनखडीचा. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो, त्यामुळे पाथरवटाच्या टाकीला लवकर वश होतो. दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी आणि खुंट्यांनी जखडले होते आणि त्या खाचांत वितळलेले शिसे ओतले होते, म्हणजे लोखंडाला पाणी लागून गंज चढू नये आणि सांधा थोडा लवचीक राहावा. आपल्याकडच्या जुन्या दगडी कामांतही लोखंड आणि शिशाची ही जोडी पाहायला मिळते. पुलाच्या पोटात, दोन्ही टोकांच्या भरावात, वजन कमी करण्यासाठी पोकळ्या ठेवलेल्या आहेत, हे ऐकल्यावर मला हैरुद्दीनविषयीचा आदर दुणावला. सतराव्या शतकातील तुर्की प्रवासी एव्लिया चेलेबी याने या कमानीला इंद्रधनुष्याची उपमा दिली होती. मला ती कवितेपेक्षा हिशेबाची वही वाटली, ज्यात एकही आकडा फुकट लिहिलेला नाही.

हा पूल ४२७ वर्षे उभा होता. महापूर आले, तुर्क गेले, १८७८मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे राज्य आले, दोन महायुद्धे झाली. १९९२मध्ये युगोस्लाव सैन्याने आणि सर्ब फौजांनी शहरावर तोफा डागल्या, तेव्हा क्रोएट आणि बॉस्नियाक मुस्लिम एकत्र लढले. शहरातले इतर पूल त्या वर्षी गेले. पुढच्याच वर्षी हे दोन मित्र एकमेकांवर उलटले. मुख्यतः नदीच्या पूर्वेचा बॉस्नियाकांचा भाग वेढला गेला, आणि त्या काळात लोकांची ये-जा आणि सैनिकांची रसद दोन्ही या जुन्या पुलावरून होत असे. त्याला वाचवण्यासाठी लोकांनी कठड्यांवर मोटारींचे टायर टांगले होते, वर पत्र्यांचे छप्पर केले होते. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी सकाळी, आदल्या दिवसापासून चाललेल्या क्रोएट रणगाड्याच्या माऱ्यानंतर, पूल नेरेत्वात कोसळला. त्या क्षणाचे चित्रण उपलब्ध आहे आणि जुन्या बाजारात ते पडद्यावर दाखवले जाते. बाईंनी आम्हाला तिथे नेले नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी मोकळ्या वेळात पाहावे, एवढेच त्या म्हणाल्या.

आज आपण ज्यावर उभे राहतो तो पूल २३ जुलै २००४ रोजी खुला झाला. युनेस्को, जागतिक बँक आणि इतर संस्थांच्या मदतीने हे काम झाले. तुर्कस्तान, इटली आणि नेदरलँड्स यांच्याबरोबर क्रोएशियानेही पैसे दिले. १९९७मध्ये हंगेरीच्या सैन्यातील पाणबुड्यांनी नदीच्या तळातून जुने दगड वर काढले, पण बहुतेक इतके फुटलेले आणि झिजलेले होते की ते पुन्हा वापरणे शक्य नव्हते. म्हणून तेनेलियाच्याच खाणीतून नवा दगड आणला, हाताने घडवला, लाकडी सेंटरिंगवर कमान चढवली, आकडे आणि शिसे पुन्हा तसेच वापरले. जुनी मापे आणि छायाचित्रे समोर ठेवून मूळ कमानीतला वर्षानुवर्षांचा किंचित वाकडेपणासुद्धा नव्या कमानीत आणण्याचा प्रयत्न झाला. हे वाचायला सोपे आहे. करायला किती अवघड असेल, हे ज्याने एक सरळ भिंतही नीट ओळंब्यात उभी करून घेतली आहे त्याला कळेल.

साडूंनी इथे तो प्रश्न विचारला जो प्रत्येक गटात कोणीतरी विचारतोच: मग हा पूल जुना कसा? बाईंनी उत्तर दिले ते मला आवडले. युनेस्कोने २००५मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, बॉस्नियातले असे पहिलेच स्थळ, पण तो दर्जा दगडाच्या वयासाठी दिलेला नाही. सहाव्या निकषाखाली, म्हणजे या पुनर्बांधणीतून व्यक्त होणाऱ्या सलोख्याच्या आणि सहअस्तित्वाच्या अर्थासाठी दिलेला आहे. म्हणजे ज्यांनी दर्जा दिला त्यांनीही दगड जुना असल्याचे सोंग केले नाही. गोदाकाठच्या जुन्या पायऱ्या उखडण्यावरून आपल्याकडे झालेले वाद आणि दर पावसाळ्यात कोसळणारे जुन्या नाशिकमधील वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी या मुद्द्यावर थांबून विचार करावा. नवा दगड बसवणे हा गुन्हा नाही. आधीच्या कामाचे माप न घेता, तो दगड कसा घडवला होता हे न शिकता, वर फक्त जुन्यासारखा दिसणारा थर चढवणे, हे मात्र मला कारागिरीचा अपमान वाटते. मोस्तारमध्ये माप घेतले गेले, खाण शोधली गेली, पाथरवट तयार केले गेले, आणि मगच काम सुरू झाले.

प्रत्यक्ष पुलावर चालणे मात्र दिसते तितके सोपे नाही. कमान उंच असल्यामुळे दोन्ही बाजूंनी चढ तीव्र आहे, दगड लाखो पावलांनी गुळगुळीत झाला आहे, आणि घसरू नये म्हणून आडव्या दगडी पट्ट्या थोड्या वर काढलेल्या आहेत. त्या पट्ट्यांवर टाच टेकवत, कठड्याला धरून चालावे. चामड्याच्या तळव्याचे बूट किंवा चपला घालून येऊ नये. पाऊस पडला असेल तर ज्येष्ठांनी सरळ खाली, नदीकाठच्या वाळूवर उतरावे. पुलाचे सर्वांत चांगले दर्शन तिथूनच होते, किंवा १६१८च्या सुमारास बांधलेल्या कोस्की मेहमेद पाशाच्या मशिदीच्या अंगणातून. त्या मशिदीच्या मिनारावर तिकीट काढून चढता येते. जिना अरुंद आहे आणि वर गेल्यावर उंचीची भीती असणाऱ्याला काही सुचणार नाही.

पुलाच्या माथ्यावर कठड्यावर उभे असलेले पोहणीच्या चड्डीतले तरुण पाहून आमच्या सगळ्यांना एकदमच नाशिकचा होळकर पूल आठवला. गोदावरीला पाणी आले की तिथून उड्या टाकणारी पोरे आणि त्यांच्यावर ओरडणारे पोलीस आपण लहानपणापासून पाहत आलो. मोस्तारमध्ये या उडीला रीतसर परंपरा आहे. स्पर्धा १९६८पासून दरवर्षी जुलैच्या अखेरीस भरते आणि उडी घेणाऱ्यांचा स्वतःचा क्लब आहे. एरवी ते तरुण गर्दीतून पैसे गोळा करतात आणि पुरेसे जमल्याशिवाय हलत नाहीत; कठड्यावर चढायचे, हात पसरायचे, लोकांनी श्वास रोखला की परत खाली उतरायचे, असा खेळ बराच वेळ चालतो. शेवटी जो खरोखर उडी मारणार होता, त्याने आधी अंगावर गार पाणी ओतून घेतले. नेरेत्वा भर उन्हाळ्यातही हाडे गोठवणारी थंड असते आणि तापलेले शरीर एकदम त्यात पडले तर धक्का बसू शकतो. मग तो पाय जुळवून सरळ खाली गेला. पाण्यावर आपटल्याचा आवाज माणसाच्या मानाने फार मोठा होता. सौ.ने डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तिने फक्त तो आवाज ऐकला.

पुलाच्या टोकाशी कुयुंजिलुक ही जुनी बाजारपेठ आहे आणि तिथे माझा सर्वांत जास्त वेळ गेला. गोट्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी छपरांची बुटकी दुकाने. निम्म्याहून अधिक दुकानांतला माल इस्तंबूलपासून डुब्रोव्हनिकपर्यंत सगळीकडे मिळतो तोच: रंगीत कंदील, रुमाल, चुंबके. पण एका दुकानातून ठोकण्याचा आवाज येत होता आणि तो तांबट आळीत वाढलेल्या कोणाच्याही कानाला चुकवता आला नसता. आत एक वयस्क कारागीर मांडीत तांब्याचा पत्रा घेऊन बसला होता. त्याच्या डाव्या हातात बोथट टोकाची छोटी छिन्नी होती आणि उजव्या हातातला हातोडा मनगटातूनच हलत होता, कोपर जागचे हलत नव्हते. पत्र्यावर पेन्सिलीने काढलेली पुलाची कमान होती आणि तो तिच्या बाहेरचा भाग ठोकून खाली बसवत होता, म्हणजे कमान आपोआप वर उठून दिसावी. त्याच्या मागच्या फळीवर लांब दांड्याची कॉफीची भांडी होती. मी एक उचलून आत पाहिले. आतून कल्हई होती. बाहेरच्या अंगावर मठारकामाचे ठसे मात्र आपल्या तांबटांइतके एकसारखे नव्हते, हे नाशिककर म्हणून अभिमानाने नमूद करतो. त्याच फळीच्या खालच्या कप्प्यात बंदुकीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून केलेली पेने आणि तोफगोळ्यांच्या नळ्यांवर नक्षी कोरलेल्या फुलदाण्या होत्या. मेहुणीला फुलदाणी आवडली होती. ती कशाची आहे हे कळल्यावर तिने ती हळूच जागेवर ठेवली आणि कॉफीचे भांडे घेतले.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींना चिंता असते, म्हणून थोडे सविस्तर. पुलाभोवतीच्या उपाहारगृहांत चेवापी, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या सुरळ्या, मऊ सोमून पावात घालून कच्च्या कांद्याबरोबर देतात. साडूंनी त्या आनंदाने खाल्ल्या. आम्ही तिघांनी बेकरीत जाऊन पातळ पोळीच्या गुंडाळीचे प्रकार घेतले. बॉस्नियात नुसते बुरेक मागितले तर आत मांस असते. चीजची हवी तर सिर्नित्सा, पालकाची हवी तर झेल्यानित्सा आणि बटाट्याची हवी तर क्रोंपिरुशा मागावी. वर दह्यासारखे पातळ योगर्ट प्यायला मिळते, आणि आपल्या जिभेला ते लगेच ओळखीचे वाटते. कॉफी मात्र चुकवू नये. तांब्याच्या गोल तबकात ते लांब दांड्याचे भांडे, बिनकानाचा छोटा पेला, साखरेचे खडे आणि लोकुम या तुर्की मिठाईची एक वडी येते. कॉफी गाळलेली नसते, त्यामुळे गाळ तळाशी बसेपर्यंत थांबावे लागते. साखर कॉफीत न घालता खडा तिच्यात बुडवून दाताखाली धरतात. युरो घेतात, पण सुटे तिथल्या मार्कात परत मिळतात, आणि सीमा ओलांडल्यावर त्या नाण्यांचा काही उपयोग नाही.

सहलीचा कार्यक्रम इथे संपतो. सव्वा तास मार्गदर्शन, दोन तास मोकळे, आणि बसकडे परत. निरोप घेताना मी बाईंना विचारले की, शहराची दुसरी बाजू पाहायची असेल तर कुठे जावे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि नकाशावर एका रस्त्याला वर्तुळ केले: बुलेवार. त्या म्हणाल्या की, बहुतेक लोक तिथे जात नाहीत, कारण तिथे विकत घेण्यासारखे काही नाही.

बुलेवार हा रुंद, रहदारीचा, साधा रस्ता आहे. १९९३-९४मध्ये युद्धाची आघाडी याच रस्त्यावर होती, आणि म्हणून शहराची फाळणी नदीने केली असा जो समज पूल पाहून होतो तो चुकीचा ठरतो. जुन्या पुलाचे दोन्ही काठ बॉस्नियाकांच्याच बाजूकडे होते. रस्त्याच्या कडेला काही इमारती दुरुस्त झालेल्या आहेत आणि त्यांच्या शेजारी काही अजून तशाच आहेत: छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी चौकोनी भोके, भिंतीवर गोळ्यांच्या खुणांची नुसती चाळण, आणि आत तळमजल्यातून उगवून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर आलेले झाड. पलीकडे एका बँकेची अर्धवट काचेची उंच इमारत आहे, जिच्यावरून नेमबाज गोळ्या झाडत. स्पॅनिश चौकात, म्हणजे इथे मरण पावलेल्या स्पेनच्या शांतिसैनिकांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या चौकात, ऑस्ट्रियाच्या काळातली पिवळसर-तांबूस पट्ट्यांची देखणी शाळा आहे. तिथे क्रोएट मुले एका अभ्यासक्रमाने शिकतात आणि बॉस्नियाक मुले दुसऱ्या. शहरात दोन विद्यापीठे आहेत. दोन फुटबॉल क्लब आहेत, आणि त्यांतल्या वेलेझ या क्लबचे मैदान युद्धानंतर दुसऱ्याकडे गेले. राजकीय पक्षांचे एकमत न झाल्यामुळे २००८पासून २०२०च्या डिसेंबरपर्यंत मोस्तारमध्ये पालिकेची निवडणूकच झाली नाही. आपल्याकडेही पालिकांच्या निवडणुका रखडतात, पण बारा वर्षे म्हणजे फारच झाले.

परत येताना मी कराजोझ बेगच्या मशिदीच्या रस्त्याने आलो. ही मशीद १५५७ची. तिच्याजवळ एक दफनभूमी आहे. युद्धापूर्वी ती बाग होती. नेहमीच्या दफनभूमीपर्यंत जाणे गोळीबारामुळे अशक्य झाले आणि झाडांच्या आडोशाला माणसे इथेच पुरली गेली. पांढऱ्या दगडांवरची जन्मवर्षे वेगवेगळी आहेत, मृत्यूचे वर्ष बहुतेकांवर १९९३ आहे. त्यातले कित्येक दगड माझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या माणसांचे होते. नाक्यावरच्या पोस्टकार्डांवर पूल आहे, उडी मारणारा मुलगा आहे, कॉफीचे भांडे आहे. या बागेचे पोस्टकार्ड मला दिसले नाही, आणि दिसावे अशी अपेक्षाही करता येत नाही. पण सहल आखणाऱ्यांनी पोचिटेलचा थांबा वगळून तो अर्धा तास इथे दिला असता, तर पूल पुन्हा का बांधला हे आमच्या गटातल्या प्रत्येकाला न सांगता कळले असते. बसमध्ये बसल्यावर मागच्या बाकावरचे एक प्रवासी सहप्रवाशाला सांगत होते की, आता इथे सगळे छान एकोप्याने राहतात. त्यांची चूक नाही. त्यांना दाखवले तेवढेच त्यांनी पाहिले.

ज्यांना शक्य आहे त्यांनी सहलीच्या बसऐवजी सार्वजनिक बसने जावे आणि मोस्तारमध्ये एक रात्र राहावे, कारण दिवसा किनाऱ्यावरून आलेल्या गटांनी पूल इतका भरून जातो की कळीच्या दगडापाशी दोन मिनिटे उभे राहता येत नाही. सहलीनेच जायचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: मोस्तारमध्ये स्थानिक मार्गदर्शक देणार का, आणि मोकळा वेळ किमान दोन तास आहे का. काही सहलींत क्राविट्सचा धबधबा जोडलेला असतो आणि त्यापायी शहराचा वेळ कापला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे आपल्या मे महिन्यासारखे ऊन असते, तेव्हा मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा. परतीच्या वाटेवर सीमेवरची रांग किती लांब असेल हे चालकालाही सांगता येत नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी डुब्रोव्हनिकमध्ये जेवणाचे किंवा बोटीचे आगाऊ आरक्षण करू नये.